मुस्तफाच्या खोक्यात साठ गेम कशाला? – सोलापूरकरांना उत्तर

सोलापूरकर साहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तिथल्या तिथे उत्तर लिहायला बसलो. बायकोने लॅपटॉप मिटला. बरंच झालं म्हणायचं, कारण त्या रात्रीचं उत्तर नुसतं तिखट झालं असतं, आणि त्यातलं निम्मं चुकीचंही.

मागची पोस्ट ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिरजेतल्या एका बंद पडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरमधला खोका मी गेल्या वर्षी टेम्पोत घालून आणला. वाळवीने खाल्लेला तळ सुताराकडून बदलून घेतला आणि आत ‘६०-इन-१’ म्हणतात तो बोर्ड, म्हणजे गेम चालवणारी सर्किटची पाटी, बसवला. एकाच बोर्डावर पॅक-मॅन, गॅलागा, १९४२ असे जुने साठ गेम. त्यावर सोलापूरकर लिहितात, ‘याला जीर्णोद्धार म्हणत नाहीत. देवळातली मूर्ती काढून तिथे टीव्ही लावल्यासारखं झालं हे.’ शिवाय खोक्यात आधी असलेल्या ‘मुस्तफा’ या गेमचा बोर्ड बॅटरी बदलून जिवंत झाला असता, तो मी भंगारात घातला असणार. आडवी पिक्चर ट्यूब उभी केली हे तर पाप. नवा बोर्ड चायनीज, सारखा बंद पडणारा, बेसूर आणि वर चोरीचा. आणि ट्यूबच्या मागे हात घातल्याचा फोटो टाकलाय, पण धोक्याचा एक शब्द नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात आणि मला लाज वाटली.

रंगीत पिक्चर ट्यूबला वीस हजारांच्या वर व्होल्ट लागतात, आणि मशीन बंद करून प्लग काढला तरी ती काच स्वतःच चार्ज धरून बसते. मी फोटो काढण्याआधी तो चार्ज उतरवला होता, पण ते लिहिलं नाही. लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरला वायर बांधायची, वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरून ताणलेल्या उघड्या अर्थच्या तारेला लावायचं, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक, ट्यूबच्या पाठीत जाड वायर शिरते तिथल्या रबरी टोपीखाली सरकवायचं. दुसरा हात खिशात ठेवायचा. ‘टक्’ असा आवाज येतो. कधी येत नाही, तरी पुन्हा एकदा करायचं. ज्याने हे कधी पाहिलेलं नाही त्याने जुन्या टीव्ही मेकॅनिकला गाठावं, माझा ब्लॉग वाचून करू नये.

दुसरा धोका तुम्ही लिहिलेला नाही, पण तो जास्त खरा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच खोक्यांत गेमचा खास मॉनिटर नसायचाच. घरगुती रंगीत टीव्हीचा ट्यूनर बाजूला करून बोर्डाचे लाल-हिरवा-निळा सिग्नल सरळ आत सोडलेले असायचे. अशा टीव्हीचं चेसिस, म्हणजे आतला सांगाडा, बऱ्याचदा थेट मेनशी (घरच्या विजेशी) जोडलेलं असतं. मधे मेनपासून वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर गेमच्या बोर्डाची ग्राउंड जिवंत होते आणि तिच्यामागून पैसे टाकायचा लोखंडी दरवाजा. लहानपणी पार्लरमध्ये रुपया टाकताना बोटांना मुंग्या यायच्या, आणि गेमवाल्याने पायाखाली फळी का टाकलीय हे मला तेव्हा कळलं नव्हतं. माझ्या खोक्यातही ट्रान्सफॉर्मर नव्हता. आता २३०ला २३० असा बसवलाय, आणि मागच्या पोस्टमध्ये सगळ्यात वर लाल अक्षरांत तसं लिहिलंय.

आता मूर्तीकडे येतो.

शेंदराचे थर चढत चढत देवाचा आकारच दिसेनासा होतो, आणि एक दिवस ते कवच निखळून आत भलताच जुना मुखवटा निघतो, हे तुम्हीही ऐकलं असेल. माझ्या खोक्याचं तसंच झालं. वरचा लाकडी छापाचा सनमायका उचकटायला गेलो. त्याला एका खेळाडूमागे सहा बटणांची भोकं होती, तीनच्या दोन रांगा. ती स्ट्रीट फायटर २ साठी पाडलेली, कारण १९९१ साली तो गेम आला आणि त्याला तीन बुक्के, तीन लाथा अशी सहा बटणं लागत. मुस्तफा आला १९९३ मध्ये. त्याला हाणायला एक आणि उडी मारायला एक एवढीच हवीत, म्हणजे बाकीची चार नुसती शोभेला. त्या सनमायकाखाली दुसरा, निळा. त्याला एकेका बाजूला तीन भोकं. आणि त्याच्याही खाली नुसतं प्लायवूड, त्यात लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली दोन-दोन भोकं, जागाही वेगळी. मी ती लांबी नखाने उकरली तर आत बटणाच्या प्लॅस्टिकचा तुटका दात सापडला. नारंगी रंगाचा.

मग ट्यूबची फ्रेम बघितली. तिला आठ भोकं. चार आडव्या ट्यूबची, चार उभ्या ट्यूबची. उभ्या ट्यूबच्या भोकांभोवती वॉशरचे गोल वळ पक्के बसलेले, आत गंज. म्हणजे तुम्ही ज्याला पाप म्हणता ते मी केलेलं नाही. पार्लरवाल्याने उभ्याची आडवी केली होती, मी परत उभी केली. त्यांच्या मुलाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, ‘मुस्तफाच्या आधी मारामारीचा होता, त्याच्या आधी विमानाचा. त्याच्या आधीचं वडिलांनाच ठाऊक.’ विमानाचा म्हणजे बहुधा १९४२ किंवा त्याच्याच घराण्यातला. त्याला उभाच पडदा लागतो, आणि १९४२ ला बटणंही दोनच, एक गोळीचं आणि एक गिरकीचं. लांबीखालची भोकं दोनच होती.

तर सोलापूरकर, यातलं मूळ कुठलं? तुमच्या आठवणीत मुस्तफा आहे, कारण तुम्ही त्या वर्षांत तिथे उभे होतात. माझ्या थोरल्या भावाच्या आठवणीत विमान आहे. खोक्याला विचाराल तर तो म्हणेल, माझ्यात जो बोर्ड पैसे आणायचा तो माझा.

आणि ही काही मिरजेची तडजोड नव्हे. जपानच्या गेम मशीनवाल्यांच्या संघटनेने १९८५ साली जॅमा नावाचं जोडणीचं माप ठरवलं ते याचसाठी. ५६ टोकांची एकच पट्टी, एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८. वीज, चित्र, आवाज, हँडल, बटणं, कॉइन सगळं तिच्यावरच. गेम जुना झाला की बोर्ड उपसायचा, नवा खोचायचा; खोका, ट्यूब, वायरी तशाच. स्ट्रीट फायटरने पंचाईत केली, कारण त्या पट्टीवर खेळाडूमागे तीनच बटणं धरलेली, म्हणून लाथांच्या तीन बटणांना वेगळा छोटा प्लग द्यावा लागे. तो प्लग माझ्या खोक्यात अजून लोंबतोय. कापला नाही, चिमट्याने बाजूला बांधून ठेवलाय.

मुस्तफाचा बोर्ड मी फेकलेला नाही. बॅटरीबद्दल तुमचं म्हणणं एरवी अगदी बरोबर आहे. मूळ गेम बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीच्या त्या काळच्या, क्यूसाउंड नावाची आवाजाची यंत्रणा असलेल्या बोर्डांत सांकेतिक किल्ली बॅटरीच्या जोरावर टिकते, बॅटरी मेली की ती पुसली जाते, आणि ती किल्ली परत भरून असे बोर्ड उठवणारे लोक आहेत. पण आमच्या बोर्डावर बॅटरीची जागाच नाही. कॅपकॉमचं नाव नाही, महत्त्वाच्या चिपांवरची अक्षरं घासून काढलेली, आणि क्यूसाउंडच्या जागी ओकी कंपनीची साधी आवाजाची चिप. म्हणजे नक्कल. आपण लहानपणी ज्या मुस्तफावर जीव टाकला तो असाच नकली होता, साहेब. गेमचं नावसुद्धा आपण दिलेलं. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, आणि मुस्तफा हा त्यातल्या चौघांपैकी एक, पिवळ्या कपड्यांतला. बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलाय. त्यावरची तांब्याची एक रेघ (ट्रॅक) जळून उडालीय, ती जोडली तरी पडद्यावर नुसत्या रंगीत चौकटी. माझी तेवढी अक्कल नाही.

नवा बोर्ड ‘सारखा बंद पडणारा’ हा आरोप मात्र मी त्याच्यावरून काढून घेतो, कारण मीही आधी तेच म्हणत होतो. पहिल्यांदा लावला तेव्हा मेनू यायचा, गेम निवडला की काळोख आणि परत पहिल्यापासून. दोन रविवार त्यात गेले. विकणाऱ्याला मनात भरपूर शिव्या घातल्या. मग मल्टिमीटर घेऊन एसएमपीएसच्या (बोर्डाला वीज पुरवणाऱ्या डबीच्या) टोकाला मोजलं, ५.०५ व्होल्ट. छान. आणि मग सुचलं म्हणून बोर्डाच्या कडेला, पट्टीवरच मोजलं: ४.५८. मधला जवळपास अर्धा व्होल्ट जुनी वायर खात होती. दोऱ्याएवढी बारीक, आणि टोकाचं तांबं काळं पडलेलं. पाच व्होल्टच्या आणि ग्राउंडच्या वायरी जाड घातल्या, मग कडेवर मोजत मोजत एसएमपीएसचा स्क्रू फिरवून ५.०२ वर आणलं. त्यानंतर आजतागायत एकदाही रिसेट नाही.

हे करताना एक मोठा अपघात थोडक्यात चुकला. जॅमाच्या कनेक्टरमध्ये सातव्या जागी एक खुंटी असते, बोर्ड उलटा खोचला जाऊ नये म्हणून. पार्लरमध्ये रोजच्या उपसाउपशीत ती कुणीतरी मोडून टाकली होती. उलटा खोचला असता तर सहाव्या टोकावरचे १२ व्होल्ट विरुद्ध बाजूच्या २३व्या टोकावर, म्हणजे दुसऱ्या बटणाच्या वाटेने सरळ आत शिरले असते. आता तिथे आइस्क्रीमच्या काडीचा तुकडा ठोकलाय.

चित्राचं फार लिहीत नाही. बोर्डावर बारीक स्विच असतात, त्यातला एक चित्र जुन्या ट्यूबसाठी १५ किलोहर्ट्झला द्यायचं की संगणकाच्या पडद्यासाठी ३१ला हे ठरवतो. तो चुकीच्या बाजूला होता, म्हणून तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओत पडदा फाटलेला दिसतो. आपला टीव्ही सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवायला बनवलेला आणि गेम ६० वेळा, म्हणून आतले उंचीचे प्रीसेटही फिरवावे लागले. ट्यूब उभी केल्यावर कोपऱ्यात जांभळट डाग आला होता. पृथ्वीचं चुंबकत्व; ते घालवणारी डीगॉस कॉइल फिरवल्यावर डाग गेला.

बेसूर म्हणालात ते मान्य. गॅलागाच्या १९८१च्या खऱ्या बोर्डात तीन झेड-८० प्रोसेसर राबत असत. इथे एकच चिप सगळ्यांचं सोंग आणते, आणि काही गेममध्ये आवाजात ते सोंग उघडं पडतं. पॅक-मॅन वळणावर अडकतो हेही खरं, पण त्यात बोर्डाचा दोष नाही. हँडल मुस्तफासाठीचं, आठ दिशांचं. पॅक-मॅनला चारच दिशा हव्यात. तिरकं गेलं की तो गोंधळतो. हँडलखालची चौकोनी पट्टी पंचेचाळीस अंशांत फिरवून लावली की कोपरे बंद होतात. फिरवली. आता वळतो.

चोरीचं काय म्हणू? असे बोर्ड परवान्याशिवायच बनतात. नामको, कॅपकॉम, निन्टेंडो, यातल्या कुठल्याच गेम कंपनीच्या खिशात यातला छदाम जात नाही. आधीचा मुस्तफाही चोरीचाच होता, असं म्हणून मी सुटू शकत नाही. ते चोरावर मोर झालं. मी यावर पैसे घेत नाही, पार्लर काढणार नाही, एवढंच सांगू शकतो. आणि ‘जीर्णोद्धार’ हा शब्द पोस्टच्या मथळ्यातून काढलाय. ‘दुरुस्ती’ केलंय.

राहिला तुमचा एक टोमणा, की आता रुपया टाकायची मजा कुठली, बटण दाबलं की क्रेडिट. नाही हो. कॉइनचा दरवाजा तोच आहे आणि चालतो. फक्त तो १९९२च्या स्टीलच्या रुपयासाठी बसवलेला, तो २५ मिलिमीटरचा, कणसं असलेला. २०११ साली आलेला रुपया २१.९३ मिलिमीटरचा, तो टाकला की टणटण करत खालच्या वाटीत परत येतो. घरात शोधून जुने अकरा रुपये निघाले, ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलेत. पोरगी अकरा डाव खेळते, मग मागचं कुलूप उघडून पुन्हा बरणी भरायची.

तुमच्याकडे तसले रुपये पडले असतील तर घेऊन या. मुस्तफाचा बोर्ड कपाटातून काढून ठेवतो. सोल्डरिंगला तुमचा हात माझ्यापेक्षा बरा असणार हे तुमच्या प्रतिक्रियेवरूनच कळतंय. तो उठला तर ट्यूब परत आडवी करू, चार स्क्रू तर आहेत.