त्या टोकियोच्या चित्रावरून आठवलं

स्टीफन विल्टशायर या ऑटिस्टिक ब्रिटिश चित्रकारावरचा लेख आवडला. हेलिकॉप्टरमधून एकदा चक्कर मारून २००५ मध्ये टोकियो १० मीटर लांब कॅनव्हासवर नुसतं आठवून काढलं हे माहीत होतं, पण लहानपणी बोलतच नव्हता आणि पहिला शब्द निघाला तो 'पेपर', हे वाचून गलबललंच एकदम.

कारण आमच्या घरात पण असाच एक आहे. माझा मावसभाऊ, ऑटिस्टिक, डोंबिवलीला असतो, बोलतो म्हणजे दिवसाला चार शब्द. सीएसएमटीसमोर दहा मिनिटं उभा केला की घरी येऊन काळ्या जेल पेनाने कमानी, जाळ्या, घुमट सगळं सुरू, पेन्सिल नाही की खोडरबर नाही. मागे लोकलचा डबा काढलेला, त्यात वरची सगळी हँडल एकाच बाजूला कललेली. म्हटलं अरे ही अशी वाकडी का, तर म्हणाला 'वळण'. रोज त्याच गाडीने जातो मी, कधी लक्ष नाही गेलं!

फक्त लेखात ते 'दैवी देणगी' वगैरे लिहिलंय ते नाही पटलं. मान आखडेपर्यंत बसतो हो तो, बोटाला घट्टा पडलाय. आणि सगळी ऑटिस्टिक मुलं अशी चित्रं काढत नाहीत, लोक उगाच आईबापांना विचारतात तुमच्याकडे काय स्पेशल. शाळेत तर बाई वही काढून घ्यायच्या, अभ्यास सोडून रेघोट्या मारतो म्हणून.

आता मावशी म्हणते प्रदर्शन करूया, पण फ्रेम केलेलं चित्र पण तो काच काढून परत घेऊन बसतो, खिडक्या राहिल्यात म्हणे.