माडाखालचा काळोख

गोव्यात आसगावातल्या एका बंगल्याचा रात्रीचा रेंडर, म्हणजे घर बांधण्याआधी कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र, परवा बिल्डरला पाठवला. तासाभरात निरोप आला, "मस्त आहे, पण अजून ग्लो पाहिजे. आणि तो फणस काढून टाका."

फणस काढणं म्हणजे माझ्याकडे एक बटण. जागेवर तोच फणस तोडायचा तर 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी काढावी लागते. पण चित्रात झाड नसलं की घेणाऱ्याच्या डोक्यातूनही ते गेलेलं असतं. म्हणून मी आधी प्लॉटवर जातो, आहेत ती झाडं मोबाइलमध्ये टिपून आणतो.

सॉफ्टवेअरसाठी मिळणाऱ्या झाडांच्या तयार लायब्ररीत मेपल आणि बर्च हवे तेवढे. माड मिळतो तो हॉटेलाच्या दारातला, ताठ आणि हिरवागार. आपला माड उजेडाकडे झुकलेला असतो, दोन-तीन वाळकी चुडतं (झावळ्या) लोंबत असतात, खोडावर गळलेल्या चुडतांचे वळ असतात. एकच मॉडेल दहादा लावलं की डोळा लगेच पकडतो. प्रत्येक माड थोडा फिरवायचा, उंची थोडी कमीजास्त करायची, एखादा तिरका करायचा. आणि खाली पाचोळा हवाच. पाचोळा नसलेली बाग लग्नाच्या हॉलसारखी दिसते.

आता ग्लोबद्दल. आपण ज्याला रात्रीचा रेंडर म्हणतो तो बहुतेक वेळा तिन्हीसांजेचा असतो. सूर्य क्षितिजाखाली साधारण 4 ते 8 अंश असताना आभाळ गडद निळं होतं. गोव्यात ही वेळ पंधरा-वीस मिनिटांत सरते. त्या निळ्यापुढे खिडकीतला 2700 ते 3000 केल्विनचा पिवळा उजेड आपसूक उठून दिसतो. त्यासाठी दिवे वाढवावे लागत नाहीत, आजूबाजूला काळोख ठेवावा लागतो. छोट्या दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. दिवा बनवणाऱ्या कंपनीची आयईएस फाइल, म्हणजे दिव्याचा उजेड कुठे किती पडतो याची नोंद, लावली की झोताचा आकारही खरा येतो. "सगळं उजळ करा" म्हणणारे नेमकं हेच मोडायला सांगतात, आणि मग घराचा पेट्रोल पंप होतो.

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतीवर तर समोरून लाइट मारूच नका, पुठ्ठा वाटतो. भिंतीला घासून खालून वर सोडा, चिऱ्याच्या भोकाभोकात सावली बसते. रेंडर पावसाळ्यानंतरचा असेल तर पायाशी थोडं शेवाळही चढवा. बिल्डरला आवडत नाही, पण चिरा तसाच असतो.

शेवटी बाल्कांवातला, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावरचा एक दिवा थोडा वाढवून दिला. फणस ठेवलाय. उलट बुंध्याला तीन फणसही लावलेत. अजून उत्तर आलेलं नाही.