साडेसातचं नाटक आणि शेवटची एसटी

मागच्या शनिवारी इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आम्ही चौघी खान्देशी मैत्रिणी लंडनला संगीत नाटक बघायला गेलो, ‘ले मिझेराब्ल’. एक धुळ्याची, एक भुसावळची, एक शहाद्याची आणि मी चोपड्याची. चौघींच्या सुट्ट्या, मुलं, नवऱ्यांच्या शिफ्ट हे सगळं जुळायला पाच महिने गेले. आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर भांडण पेटलेलं. जळगावला मुंबईचं एक नाटक येऊन गेलं, तिकीट 500 रुपये, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. कोणीतरी त्या खुर्च्यांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, खान्देशी माणसाला नाटकाची गोडीच नाही, डीजे आणि शेवभाजी दिली की झालं. दुसरी बाजू म्हणाली 500 रुपयांत अख्ख्या घराचं जेवण होतं, नाटक कशाला. मग मला विचारलं, तू तिकडे असतेस, तूच सांग, तिकडे लोक पैसे मोजून जातातच ना?

जातात. पण ते का जातात हे त्या संध्याकाळी मी नीट बघितलं म्हणून हे लिहितेय.

साडेपाचला आम्ही चायनाटाऊनमध्ये जेवायला बसलो. ऑर्डर घ्यायच्या आधी वाढणाऱ्या मुलीने विचारलं, नाटक किती वाजता आहे? साडेसातचं म्हटल्यावर तिने त्या हिशोबाने सगळं आणलं, पावणेसातला बिल टेबलावर. लसूण आणि लाल मिरचीतलं वांगं मागवलं होतं, त्यावरून भरिताचा विषय निघाला, भुसावळची म्हणाली इथल्या जांभळ्या वांग्याला ती चवच नाही, आपलं हिरवं वांगं काड्यांवर भाजलं पाहिजे, लाकडी बडगीत ठेचलं पाहिजे, आणि धुळ्याची म्हणाली सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकर नसेल तर ते भरीत कसलं, आणि हे चालू असताना माझ्या लक्षात आलं की आजूबाजूची सगळी टेबलं एकाच वेळी उठायला लागलीत. सगळे नाटकालाच निघालेले. त्या भागातली हॉटेलं, टॅक्सीवाले, ट्रेन, सगळं त्या साडेसातला बांधलेलं आहे. नाटक ही तिथे सुटी एकटी गोष्ट नाही, पूर्ण संध्याकाळ तिच्याभोवती रचलेली आहे.

आता तिकडचं सगळं छान असंही नाही, ते पण सांगते. आमची तिकिटं 45 पौंडांची होती, म्हणजे जवळपास 5 हजार रुपये, आणि तेवढ्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर, गुडघे पुढच्या खुर्चीला टेकलेले. त्यात 20 टक्के व्हॅट असतो. आपल्याकडे 500 रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटीच नाही, हे ग्रुपवर कोणालाच माहीत नव्हतं. थिएटर 1907 चं, मध्यंतरात बायकांच्या टॉयलेटची रांग जिन्यापर्यंत आली होती. पण त्याच थिएटरवर 1940 ला बॉम्ब पडला होता, ते 1959 ला परत उघडलं आणि आजही चालू आहे.

आणि लोकांच्या रसिकतेचं म्हणाल तर हे नाटक मूळचं फ्रेंच, 1980 ला पॅरिसमध्ये झालं, 1985 ला लंडनला इंग्रजीत आलं तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी त्याला झोडपून काढलं होतं. लोकांनी तरी रांगा लावल्या. मला वाटतं एकच नाटक एकाच जागी, आठवड्याला आठ प्रयोग, त्यातले काही दुपारचे, असं वर्षानुवर्षं मिळालं म्हणून त्या रांगा टिकल्या. या आठवड्यात नाही जमलं तर पुढच्या महिन्यात जाऊ, आईला दुपारी नेऊ, असं ठरवता येतं.

आमच्याकडे नाटक दौऱ्यावर येतं. मंडळी दिवसभर प्रवास करून येणार, सेट लावणार, मग रात्री नऊचा प्रयोग, तो सुरू होणार साडेनऊला आणि सुटणार साडेबाराला. चोपड्याच्या बाईने साडेबाराला जळगावहून तापी ओलांडून घरी कसं जायचं? त्या वेळेला एसटी नाही. गाडी असेल, नवरा किंवा भाऊ बरोबर असेल तरच. म्हणजे अर्धं गाव आधीच गळालं, आणि मग रिकाम्या खुर्च्यांचा फोटो काढून आपण म्हणतो यांना गोडी नाही! मी स्वतः कॉलेजात असताना एका नाट्यगृहात गेले होते, टॉयलेटला पाणी नव्हतं, पूर्ण नाटक मी पाणी न पिता बसले. परत गेले नाही.

गोडीचं बोलायचं तर बालगंधर्व लहानपणी जळगावला गाणं शिकले, महबूबखाँकडे. गाऊन गोष्ट सांगायचं वहीगायन आमचं, कानबाई देवीची गाणी आमची, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोक्यावर माहेरवाशिणी म्हणतात ती गाणी आमची, आज यूट्यूबवर अहिराणी गाणी किती बघितली जातात ते बघा. गाणं आणि गोष्ट एकत्र ऐकायला खान्देशी माणूस यात्रेतल्या तमाशाला रात्रभर मांडी घालून बसायचा.

माणूस म्हणतेय मी, कारण बाया नसायच्या. माझी आजी तापीकाठच्या गावातली, तिला गाण्याचा भारी नाद. यात्रेत फड आला की ती घरातली कामं आवरून धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर, जाऊन बसायची, तिथून ढोलकी आणि गवळण ऐकू यायची, दिसायचं काहीच नाही. वगातली गोष्ट ती दुसऱ्या दिवशी आजोबांना खोदून खोदून विचारायची, मग काय झालं, राजा परत आला का. आयुष्यभर तिने असंच ऐकलं.

त्या रात्री वरच्या मजल्यावर बसून मला तीच आठवत होती. खाली खड्ड्यात ऑर्केस्ट्रा वाजत होता, स्टेजवर पोराला वाचवायला म्हातारा धडपडत होता, शेजारी धुळ्याची मैत्रीण डोळे पुसत म्हणाली, माले त रडूच उनं. नाटक सुटलं तेव्हा साडेदहा पण झाले नव्हते. आम्ही चौघी रस्त्यावर थांबून अर्धा तास बोललो, मग स्टेशनवर गेलो, साडेबाराच्या आत मी घरात होते आणि मध्ये कोणाचाही फोन आला नाही की कुठे आहात, कोण सोबत आहे.

म्हणून ग्रुपवर मी रसिकतेबद्दल काहीच लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की जिल्ह्यातल्या नाट्यगृहात महिन्यातून एक ठरलेला रविवार, दुपारी 4 चा प्रयोग, सुटल्यावर चोपडा, एरंडोल, भुसावळ अशा तीन गाड्या दारात उभ्या, टॉयलेटला पाणी, एवढं वर्षभर सलग करा आणि मग खुर्च्यांचा फोटो टाका. आणि वर्षातून दोनदा तरी अहिराणीतलं संगीत नाटक, लाइव्ह वाजवणारे घेऊन, ट्रॅक लावून नाही. खर्चाचं कोण बघणार म्हणून लगेच दोघं चिडले. खर्च आहेच, महापालिका, एसटी आणि गावातले व्यापारी यांनी मिळून उचलावा असं माझं मत आहे, गणपतीला वर्गणी निघतेच ना.

त्यावर रात्री उशिरा एकीचा मेसेज आला, ती ग्रुपवर कधीच काही लिहीत नाही. "4 चा असेल तर मी येईन, सासूबाईंना पण आणते, त्यांनी अजून एकही नाटक बघितलेलं नाही."