कागद बघून वाजवलेले संगीत आणि आमची आत्या

आज दुपारी फोंड्याला एका परिचितांकडे सत्यनारायणाच्या पूजेचे जेवण होते. पंगती उठल्यावर घरातल्या मुलीला, जी सध्या सातवीत आहे आणि काही वर्षे व्हायोलिन शिकते आहे, पाहुण्यांसमोर काहीतरी वाजवून दाखव असा आग्रह झाला. तिने मोझार्टचा एक छोटासा तुकडा, समोर कागद ठेवून, थोडी घाबरत पण पूर्ण सुरात वाजवला. टाळ्या थांबायच्या आत, आमच्या भागात संगीताचे जाणकार म्हणून ज्यांना मान आहे अशा एका गृहस्थांनी पानाला चुना लावता लावता निकाल देऊन टाकला: "हात बरा आहे, पण या संगीतात गणित असते, भाव नसतो. शंभर माणसे कागद बघून वाजवणार, त्यात जीव कुठून येणार? हिला एखाद्या चांगल्या बुवांकडे पाठवा." मुलीने कागद गोळा केले आणि ती आत निघून गेली. यजमानांच्या घरी, तेही पूजेच्या दिवशी, वाद नको म्हणून मी गप्प बसले. इथे गप्प बसण्याचे काही कारण नाही.

प्रथम त्यांच्याच आवडीबद्दल बोलते. हे गृहस्थ लग्नाकार्यात आग्रहाशिवाय जुनी हिंदी चित्रपटगीते म्हणतात, छान म्हणतात, आणि म्हणताना त्यांचे डोळे खरोखर पाणावतात. त्या गाण्यांत अंतऱ्याच्या आधी जी व्हायोलिने उसळून येतात, ती कोणी वाजवली असे त्यांना वाटते? सासष्टी-बार्देशच्या गावांतून, चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून मुंबईला गेलेल्या आपल्याच गोवेकरांचा त्यांत फार मोठा वाटा होता. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यवृंद सेबेस्टियन डिसोझा यांनी बांधले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत भारतीय रागांवर आधारलेल्या रचना वाजवण्यासाठी सबंध सिंफनी वाद्यवृंद उभा केला होता. स्टुडिओत प्रत्येक वादकासमोर स्टँड असे आणि स्टँडवर कागद असे. म्हणजे साहेबांच्या डोळ्यांत ज्या जागेवर पाणी येते, नेमक्या त्याच जागेवर ही सगळी माणसे कागदच बघत होती. तेव्हा जीव कुठून आला?

आणि परकेपणाची भाषा तर आपण करूच नये. ज्या हार्मोनियमशिवाय आपल्या देवळांतले एक भजन उभे राहत नाही, ती फ्रान्सात घडलेली पेटी आहे. संगीत नाटकाचा प्राण असलेला ऑर्गनही विलायतेचाच. त्याला पायपेटी असे घरगुती नाव दिले आणि आपण मोकळे झालो.

मला मात्र दुपारपासून आठवते आहे ती माझी आत्या. तिचे सारे आयुष्य आमच्या अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा भागातल्या, एका वाड्यावर गेले. सप्ताहातली भजने, दशावतारी काला आणि जत्रेतले संगीत नाटक, हेच तिचे संगीत. मोझार्ट हे माणसाचे नाव आहे की औषधाचे, हे तिला सांगता आले नसते. माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, गेले त्या वर्षी तिच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही मुंबईला गेलो होतो. बाबांच्या दिवसकार्यात ती रडली नव्हती. तेरा दिवस तिने भटजींचे साहित्य, नारळ, केळीची पाने, आल्यागेल्याचा चहा हे सगळे एकहाती सांभाळले आणि कोणी गळ्यात पडून रडू लागले तर ती त्याला पाणी आणून देत असे. डोळ्यावरची पट्टी निघाल्यानंतर चुलतभावाने नरिमन पॉइंटच्या जमशेद भाभा थिएटरचे दोन पास आणून दिले. तिला घरी एकटीला कशी ठेवणार म्हणून सोबत घेतले. शाल गुंडाळून ती माझ्या शेजारी बसली आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी वादक आपापली वाद्ये जुळवत होते, तेव्हा तिने समाधानाने मान डोलावली. सूर लावल्याशिवाय वाजवायचे नाही, हे तिला पटण्यासारखे होते.

त्या संध्याकाळी रशियन रचनाकार चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी, म्हणजे सबंध वाद्यवृंदासाठी चार भागांत बांधलेली रचना, होती. ज्यांनी ती ऐकली आहे त्यांना सांगायला नको, पण त्या जाणकारांसाठी सांगते. आरंभी डबल बास या मोठ्या तंतुवाद्यांच्या खोल सुरांवर बासून नावाचे फुंकवाद्य एकटेच कण्हल्यासारखे वाजते. पहिल्याच भागात पुढे एक जागा अशी येते की आवाज कमी कमी होत अगदी ऐकू येईनासा होतो. हळू आवाजात वाजवा हे सांगायला जिथे इतर रचनाकार पी हे अक्षर एकदा, दोनदा, फार तर तीनदा लिहितात, तिथे चायकोव्हस्कीने ते ओळीने सहा वेळा लिहिले आहे. सभागृहात कोणी श्वास घेत नाही. आणि तेवढ्यात सबंध वाद्यवृंद एकदम अंगावर कोसळतो. आत्याने माझे मनगट पकडले ते तो भाग संपेपर्यंत सोडले नाही. हा परिणाम गणिताने साधलेला आहे हे मला मान्य आहे. कोणत्या क्षणी किती वाद्ये, किती जोराने, हे सर्व आधी ठरवून लिहिलेले आहे. मग काय बिघडले? चिजेची बंदिशही बांधलेलीच असते आणि तिहाई समेवर आणून टाकणाऱ्याला आपण गणिती म्हणून हिणवत नाही, उलट "वाहवा" म्हणतो.

तिसरा भाग एखाद्या विजयी लष्करी मिरवणुकीसारखा आहे आणि तो इतक्या धडाक्यात संपतो की सिंफनीच संपली असे समजून जगभर लोक टाळ्या वाजवतात. त्या दिवशीही वाजल्या, आत्यानेही वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी अजून विसरलेले नाही. त्याविषयी खाली लिहीन. त्या टाळ्या विरतात न विरतात तोच शेवटचा भाग सुरू होतो आणि तो विलापाचा आहे. त्याच्या पहिल्या चालीची एक गंमत मला पुढे कळली. आपल्याला व्हायोलिनांवर जी उतरत जाणारी आर्त चाल ऐकू येते, ती तशी कोणीच वाजवत नसते. एक सूर पहिल्या व्हायोलिनांकडे, पुढचा दुसऱ्या व्हायोलिनांकडे, पुन्हा पहिल्यांकडे, असे तिचे तुकडे वाटून दिलेले आहेत. वादकांच्या कागदांवर दोन तुटक, वेड्यावाकड्या ओळी असतात आणि त्यांची एक चाल बनते ती ऐकणाऱ्याच्या कानात. त्या काळी ही दोन पथके रंगमंचाच्या डाव्या आणि उजव्या बाजूला समोरासमोर बसत, म्हणजे ते दुःख सभागृहात अक्षरशः या टोकाकडून त्या टोकाकडे जात असणार. हे कागद बघूनच होते. एकट्या माणसाला कितीही प्रतिभा असली तरी हे जमणार नाही.

अखेरीस गाँगचा एकच हलका टोल पडतो, ट्राँबोन आणि टूबा ही पितळी फुंकवाद्ये दबक्या आवाजात काही म्हणतात आणि मग चेलो व डबल बास ही खालच्या सुरांची तंतुवाद्ये तेवढी राहतात. तीही विझत जातात. बराच वेळ कोणी हलले नाही. आत्या माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "कोण गेलो गो?"

तिला काहीही सांगितलेले नव्हते. कार्यक्रमपत्रिका इंग्रजीत होती आणि तिला इंग्रजी येत नव्हते. चायकोव्हस्कीने ही सिंफनी २८ ऑक्टोबर १८९३ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये स्वतः संचालन करून प्रथम सादर केली आणि त्यानंतर नऊ दिवसांनी तो वारला. हा निव्वळ योगायोग आहे असे म्हणणारे आहेत, आणि असेलही. पण ज्या संगीतात भाव नसतो, त्यातून अंत्रुजच्या एका म्हातारीला कोणीतरी गेल्याचे कसे कळते, एवढे मला त्या गृहस्थांनी समजावून सांगावे.

हे लिहिता लिहिता पुन्हा राग येऊ लागला आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगूनच टाकते. १९४२ चा ऑगस्ट महिना. लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडून वर्ष होत आले होते. आदल्या हिवाळ्यात तिथे लाखो माणसे उपासमारीने मेली होती. रेडिओच्या वाद्यवृंदातले काही वादक दगावले होते आणि जे उरले त्यांतल्या कितीकांच्या अंगात वाद्य उचलण्याचे त्राण नव्हते. म्हणून आघाडीवरून वाजवता येणारे सैनिक बोलावले गेले, वादकांना जादा शिधा देण्यात आला आणि ९ ऑगस्टला कार्ल एलियासबर्ग यांच्या संचालनाखाली सोव्हिएत रचनाकार शोस्ताकोविचची सातवी सिंफनी वाजली. ध्वनिक्षेपकांवरून ती शहरभर ऐकवली गेली, वेढा घालून बसलेल्या शत्रूच्या दिशेनेही ऐकवली गेली. उपाशी पोटी ट्राँबोन फुंकणे म्हणजे काय असते, याचा विचार पानाला चुना लावताना करता येत नाही.

हे संगीत पोर्तुगीज राजवटीबरोबर आले, धर्मांतराच्या कडू इतिहासाशी त्याचा संबंध आहे, असे कोणी खाली लिहील. बरोबर आहे, लिहा. ज्यांनी ते शिकवले त्यांचा हेतू चर्चमध्ये गाणारे तयार करण्याचा होता, हेही खरे. पण चार शतकांनंतर, त्याचा दंड सातवीतल्या मुलीने भरावा काय?

आता त्या पुढच्या रांगेतल्या बाई. दोष केवळ आपल्या बाजूला नाही. हे संगीत म्हणजे विशिष्ट घराण्यातल्या, विशिष्ट उच्चाराने इंग्रजी बोलणाऱ्या लोकांची मिरास आहे असे मानणारा वर्ग मुंबईत आहे, तसा पणजीतही आहे. दोन भागांच्या मध्ये टाळी वाजली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि साडी नेसून आलेल्या, मराठीत बोलणाऱ्या बाईला तुम्ही इथे कशा, असे न बोलता विचारले जाते. शांतता पाळण्याचा आग्रह मला समजतो. माइकशिवाय वाजणाऱ्या वाद्यांना शांतता लागते. परंतु मधल्या टाळ्यांना पाप समजण्याची ही सोवळी पद्धत बरीच नंतरची आहे. बेथोव्हेनची सातवी सिंफनी ८ डिसेंबर १८१३ रोजी व्हिएन्नामध्ये, जखमी सैनिकांच्या मदतीसाठीच्या कार्यक्रमात, प्रथम झाली तेव्हा लोकांनी दुसऱ्या भागाला "वन्स मोअर" दिला आणि तो तिथल्या तिथे पुन्हा वाजवला गेला. आपल्या नाट्यगृहात पदाला होतो, तसाच. ते प्रेक्षक अडाणी होते काय? कमी ऐकू येऊ लागलेला बेथोव्हेन स्वतः संचालन करत होता, आणि तो काही चिडला नाही.

परतीच्या प्रवासाचे सांगायचे राहिले. कोकणकन्येत बसल्यावर आत्या पनवेलपर्यंत काही बोलली नाही. मग खालच्या बर्थवर मांडी घालून ती बाबांविषयी बोलू लागली आणि डब्यातले सगळे दिवे मालवले गेले तरी बोलतच राहिली. बाबा लहान असताना देवळातली भजनाची पेटी चोरून वाजवत असत, हे मला ठाऊक नव्हते. त्या पेटीतला एक सूर मुका झाला होता, वाजायचाच नाही. तर वाजवताना तो सूर आला की भाऊ तेवढा तोंडाने म्हणायचा आणि पुढे जायचा, असे सांगून ती हसली आणि तिथे, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा, ती मोकळेपणी रडली. एखाद्या बुवांच्या गाण्याने हे झाले नसते असे मी म्हणत नाही. कदाचित झालेही असते. पण झाले ते त्या कागद बघून वाजवणाऱ्यांमुळे.

ज्यांना गायिका केसरबाई केरकरांपलीकडे गाणे नाही असे वाटते (आणि केसरबाई माझेही दैवत आहेत), त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरून अंतराळात पाठवलेल्या ज्या तबकडीवर आपल्या केरीच्या केसरबाईंची भैरवी आहे, त्याच तबकडीवर बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भागही आहे. तिथे दोघांचे व्यवस्थित जमलेले दिसते.

कोणीतरी विचारीलच म्हणून आताच सांगते. सुरुवात करायची असेल तर व्हिएन्नाच्या लोकांनी पुन्हा वाजवायला लावलेला तो सातव्या सिंफनीचा दुसरा भाग ऐका. साधारण आठ-नऊ मिनिटांचा आहे. फुंकवाद्यांचा एक उदास स्वरमेळ वाजून विरतो. मग व्हिओला, चेलो आणि डबल बास जवळजवळ एकाच सुरावर, लांब-आखूड-आखूड-लांब-लांब अशी पावले टाकत निघतात. पुढे दुसरी व्हायोलिने येतात, मग पहिली, आणि प्रत्येक वेळी खाली आधीचे चालूच असते. शेवटी सगळे मिळून तेच म्हणतात. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. डबल बास त्यातून येतच नाहीत, आणि ते आले नाहीत तर वरची व्हायोलिने नुसती गोड लागतात. चांगले हेडफोन लावा, नाहीतर एखाद्या संध्याकाळी आमच्याकडे या, माझ्याकडे जुने पण दमदार स्पीकर आहेत. ऐकून काहीच वाटले नाही तर तसे स्पष्ट लिहा. मी वाद घालणार नाही, दुसरे काहीतरी ऐकायला सुचवीन.