शनिवारची रात्र आणि पुन्हा तेच!

साडेआठला जेवणं आटपली. साडेनऊ वाजले, तरी सगळ्यांनी मिळून पाहायचा सिनेमा शोधत आम्ही टीव्हीवर पोस्टरंच सरकवतोय! परी दिसली की लावायचा सिनेमा? ‘पॅन्स लॅबिरिंथ’मध्येही पऱ्या आहेत. म्हणून सात वर्षांच्या पोरीसमोर १९४४च्या स्पेनमधला रक्तपात लावू? ‘हॅरी पॉटर’ म्हणावं, तर पहिलाच अडीच तासांचा आणि पुढे आणखी सात! धाकटी पेंगते. आजींना खालच्या बारीक इंग्रजी ओळी वाचवत नाहीत, मराठी आवाजाचा पर्याय बहुतेकदा नसतोच. का नसतो? चेटकीण, राक्षस, बोलणारे पक्षी, सगळं आजींच्या गोष्टींत मराठीतच बोलायचं ना? वर सगळ्यांचं एकच, “तूच ठरव!” दर शनिवारी मीच का? आणि शेवटी लागतं काय? चार वेळा पाहिलेलं तेच!