घंटा डावीकडे, रुग्ण उजवीकडे

आज आत्याला भेटून आलो आणि अजून डोके शांत झालेले नाही. पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनासाठी तिला खास रुग्णालयात ठेवले आहे. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्याने डावा हात-पाय तर गेलाच, पण डावीकडे काही असते याचे भानही तिला राहत नाही. ताटातली डावी बाजू तशीच उरते. तिच्या उशाशी ‘रुग्णाने एकट्याने उठू नये’ अशी ठळक पाटी आहे आणि मदतीसाठी वाजवायची घंटा लटकते आहे डावीकडे! हे निदान केसपेपरवर लिहिणारे तज्ज्ञ त्याच रुग्णालयातले आहेत.

पुनर्वसनात रुग्णाला झोपवून नव्हे, तर उठवून आणि चालवून बरे करायचे असते, त्यामुळे पडण्याचा धोका उपचाराच्या आतच असतो. सकाळी चार पावले टाकायला शिकलेला माणूस रात्री शौचाला लागल्यावर, कोणी येत नाही असे पाहून, ती पावले एकट्याने टाकणारच, कारण अंथरूण खराब होण्याची लाज पडण्याच्या भीतीहून मोठी असते. आत्याही तेच करील. कठडे वर केल्यानेही भागत नाही. गोंधळलेला रुग्ण त्यांवरून चढू पाहतो आणि अधिक उंचावरून कोसळतो.

मनुष्यबळ कमी आहे, हे मान्य. पण घंटा उजवीकडे बांधायला कोणती भरती लागते?

रागाच्या भरात एक गोष्ट राहून जायला नको. तिथली एक परिचारिका आत्याला ताठ बसवते, घट्ट केलेले पाणी चमच्याने देते आणि आधीचा घोट गिळला गेल्याची खात्री करूनच पुढचा देते, कारण गिळण्याची क्रिया बिघडली की ठसकाही न लागता पाणी फुप्फुसात उतरू शकते. आत्याचा लुळा हात धरून ती तिला कधी ओढत नाही. तिच्या पाळीत मला घोर नसतो. पण पाळी बदलली की हे सारे ज्ञान तिच्याबरोबर घरी जाते, आणि ते तसे जाऊ देणे हा तिचा नव्हे, व्यवस्थापनाचा दोष आहे. मज्जारज्जूला मानेच्या पातळीवर इजा झालेल्या रुग्णाच्या लघवीच्या कॅथेटरची नळी नुसती मुडपली, तरी मूत्राशय तुंबून रक्तदाब जिवावर बेतण्याइतका चढू शकतो. रात्रपाळीच्या माणसाला हे कोणी सांगितले नसेल, तर दिवसाच्या तज्ज्ञांचा त्या रुग्णाला काय उपयोग?

रात्री शौचालयात कोण नेते, घंटेनंतर किती वेळात येते आणि पाळी बदलताना रुग्णाशेजारी उभे राहून काय सांगितले जाते, हे मी उद्या लेखी विचारणार आहे. ज्यांचे कोणी अशा ठिकाणी असेल, त्यांनीही विचारावे. यंत्रे किती आधुनिक आहेत, ते नंतर पाहता येईल.