‘नाचावर कसली पीएचडी?’ या प्रश्नाला सविस्तर उत्तर

एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द बदलतात, सूर तोच असतो. शिक्षणशास्त्र, नृत्य, समाजशास्त्र या विषयांत जे चालतं त्याला संशोधन म्हणू नये, असा त्याचा दावा. कारणंही ठरलेली. सगळ्यांना ठाऊक असलेलंच हे लोक जड भाषेत सांगतात. त्यांना काही मोजता येत नाही. त्यांचे प्रयोग पुन्हा केले की निकाल बदलतात. त्यांची नियतकालिकं बनावट लेखसुद्धा छापतात. नाच ही करायची गोष्ट, त्यावर प्रबंध लिहून काय मिळणार? आणि शेवटी, याचा कुणाला काही उपयोग नाही.

हे वाचून वाचून चांगली, कष्टाळू मुलं आपला विषय सांगताना ओशाळतात. मला ते सहन होत नाही, म्हणून एकेक आरोप घेऊन उत्तर देते.

‘हे तर सगळ्यांना माहीतच असतं’ हा आरोप फार जुना आहे आणि त्याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत नेमकं उत्तर १९४९ मधलं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या मनःस्थितीच्या मोठ्या पाहण्या झाल्या होत्या. त्यांचं परीक्षण लिहिताना समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी आधी काही निष्कर्ष मांडले. जास्त शिकलेल्या सैनिकांना मानसिक त्रास जास्त झाला. खेड्यातून आलेले सैनिक शहरी सैनिकांपेक्षा खुशीत राहिले. लढाई सुरू असताना घरी परतण्याची ओढ जास्त होती, जर्मनीच्या शरणागतीनंतर ती कमी झाली. वाचणारा मनात म्हणतो, यात नवल ते काय? शिकलेला माणूस हळवा असतो, खेड्यातल्याला कष्टांची सवय असते, आणि मरणाच्या दारात घर आठवणारच. मग लाझार्सफेल्ड सांगतात की पाहण्यांमध्ये या प्रत्येक बाबतीत नेमकं उलटं आढळलं होतं. खरे निष्कर्ष आधी सांगितले असते, तर त्यांनाही आपण असंच ‘माहीतच होतं’ म्हटलं असतं. निकाल कळल्यावर तो उघड वाटणं ही आपल्या मनाची खोड आहे. ती संशोधकांच्या माथी मारता येत नाही.

याची किंमत कधी कधी मुलांना मोजावी लागते. १९७० च्या दशकात न्यू जर्सीमध्ये ‘स्केअर्ड स्ट्रेट’ नावाचा उपक्रम सुरू झाला. वाट चुकू लागलेल्या मुलांना तुरुंगात न्यायचं, जन्मठेपेच्या कैद्यांकडून त्यांना तिथल्या आयुष्याची दहशत घालायची, म्हणजे ती सुधारतील. कुणालाही पटेल अशी कल्पना. ती गाजली आणि ठिकठिकाणी उचलली गेली. पुढे संशोधकांनी मुलांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे निव्वळ योगायोगाने पाडले, एकाला तुरुंग दाखवला, दुसऱ्याला नाही, आणि नंतर कोण गुन्ह्यात सापडतं ते पाहिलं. अशा नऊ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा तुरुंग पाहून आलेली मुलंच गुन्ह्याकडे जास्त वळलेली दिसली. त्यांच्यासाठी काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं. व्यवहारज्ञानाने हे कधीच हाती लागलं नसतं, कारण तो उपक्रम व्यवहारज्ञानातूनच आला होता.

अभ्यासाचंही तसंच. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना ४२ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक पुन्हा पुन्हा चाळणाऱ्याला आपलं सगळं पाठ झालंय असं का वाटतं आणि ते का टिकत नाही, हे या छोट्या प्रयोगातून कळतं.

आता मोजण्याबद्दल. ‘यांना मोजता येत नाही’ हे मुळात खरं नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात ७९ शाळांमधल्या सुमारे ११,६०० मुलांवर वर्गाच्या आकाराचा प्रयोग झाला. १३ ते १७ मुलांचे छोटे वर्ग, २२ ते २५ मुलांचे नेहमीचे वर्ग, आणि नेहमीच्याच वर्गात एक मदतनीस. मुलं आणि शिक्षक कुठल्या वर्गात जाणार हे योगायोगावर सोडलं होतं. छोट्या वर्गातल्या मुलांची प्रगती स्पष्टपणे जास्त झाली, मदतनीस दिल्याने फारसा फरक पडला नाही. एखाद्या औषधाची चाचणी घ्यावी इतक्या काटेकोरपणे हे झालं.

पण पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने राज्यभर प्राथमिक वर्ग लहान करायला घेतले. एकदम खूप शिक्षक लागले आणि पुरेसं प्रशिक्षण नसलेले लोक घाईने नेमावे लागले. टेनेसीसारखा ठळक फायदा तिथे दिसला नाही. ‘किती मुलं’ हे मोजून झालं होतं. पण वर्ग लहान झाल्यावर आत नेमकं काय बदलतं, शिक्षक त्या सवडीचं काय करतो, तो शिक्षक कोण आहे, हे कळायला कुणीतरी वर्गाच्या मागच्या बाकावर महिनोन्महिने बसून टिपणं काढावी लागतात. त्या टिपणांना ‘नुसती निरीक्षणं’ म्हणून हिणवणाऱ्यांनी आकडे एकटे पडले की काय होतं ते इथे पाहावं.

आणि आकडा असला म्हणजे संशोधन, असंही नाही. ‘माणसाला वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के’ असा एक त्रिकोण शिक्षक प्रशिक्षणात सर्रास दाखवला जातो. त्याचं मूळ म्हणून अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या १९४६ मधल्या ‘अनुभवांच्या शंकू’चं नाव घेतात. डेल यांच्या शंकूत एकही टक्केवारी नव्हती. ती नंतर कुणीतरी चिकटवली. ती खोटी आहे हे मूळ संदर्भ उकरून दाखवणारे शिक्षणाचेच अभ्यासक होते.

मोजमापाशिवाय काय साधतं याचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं काम पाहा. १९६८ मध्ये जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी मांडलं की सामायिक कुरण असलं की प्रत्येक जण आपली गुरं वाढवत जाणार आणि कुरणाचा नाश अटळ आहे. तर्क बिनतोड वाटतो. पण स्वित्झर्लंडच्या टोर्बेल गावाचा बारकाईने अभ्यास केलेल्या रॉबर्ट नेटिंग या मानवशास्त्रज्ञाच्या नोंदींत १५१७ सालचा नियम सापडतो: हिवाळाभर पोसता येतील तेवढ्याच गाई वरच्या कुरणावर न्यायच्या. ते कुरण शतकानुशतकं टिकलं. ऑस्ट्रॉम यांनी अशी गावं, पाटबंधारे, मच्छीमारांचे गट यांचे अभ्यास एकमेकांशेजारी ठेवून लोक सामायिक संपत्ती कोणत्या अटींवर सांभाळतात ते दाखवलं. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या अटी समीकरणातून निघाल्या नसत्या. गावात राहून, जुनी कागदपत्रं वाचूनच त्या कळल्या.

प्रयोग पुन्हा केल्यावर निकाल टिकत नाहीत, या आरोपात तथ्य आहे आणि ते झाकायचं कारण नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा फक्त ३६ टक्क्यांमध्ये संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकेल असा निकाल मिळाला. २०१८ मध्ये दोन सर्वांत प्रतिष्ठित विज्ञान नियतकालिकांतले २१ सामाजिक प्रयोग पुन्हा केले, त्यातले १३ टिकले. मात्र हे आकडे बाहेर आणले कुणी? याच विषयांतल्या संशोधकांनी, स्वतःच्या बिरादरीचा रोष पत्करून. त्यानंतर प्रयोगाआधीच आपलं गृहीतक जाहीर नोंदवण्याची आणि विदा (डेटा) खुली ठेवण्याची पद्धत रुजू लागली. दुसरं म्हणजे, हा रोग ‘मऊ’ विषयांपुरता नाही. २०१२ मध्ये एका औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरच्या ५३ महत्त्वाच्या अभ्यासांची फेरतपासणी जाहीर केली, तेव्हा त्यातले फक्त सहा टिकले होते. म्हणून जीवशास्त्र हे संशोधनच नाही, असं कुणी म्हणत नाही.

बनावट लेखांचा मुद्दा थोडक्यात. १९९६ मधलं अॅलन सोकल यांचं प्रकरण नेहमी पुढे केलं जातं. पदार्थविज्ञानाच्या या प्राध्यापकाने मुद्दाम निरर्थक लिहिलेला लेख संस्कृती-अभ्यासाच्या एका नियतकालिकाने छापला होता. ज्या नियतकालिकाने तो लेख छापला, तिथे तेव्हा बाहेरच्या तज्ज्ञांकडून परीक्षण होतच नसे. २०१३ मध्ये एका पत्रकाराने कर्करोगाच्या औषधावरचा ठरवून सदोष लिहिलेला लेख ३०४ नियतकालिकांना पाठवला, १५७ ठिकाणी तो स्वीकारला गेला. २०१४ मध्ये संगणकशास्त्राच्या परिषदांमधले १२० हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले, कारण ते एका प्रोग्रॅमने जुळवलेली निरर्थक वाक्यं होते. ढिलं परीक्षण हा साऱ्या विद्याजगाचा आजार आहे.

नाचाचा मुद्दा मात्र सविस्तर घ्यायला हवा, कारण खरी कुचेष्टा त्याचीच होते.

नाट्यशास्त्रात १०८ करणं, म्हणजे नृत्याचे मूळ घटक, सांगितली आहेत. चिदंबरमच्या गोपुरांवर ती कोरलेली आहेत, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात त्यातली ८१ आहेत आणि पुढचे दगड कोरेच राहिले आहेत. प्रश्न असा की करण म्हणजे उभं राहण्याची ढब की हालचाल? आणि हालचाल असेल, तर शिल्पकाराने तिचा कोणता क्षण पकडला, सुरुवात, मध्य की शेवट? भरतनाट्यम नर्तिका पद्मा सुब्रह्मण्यम यांनी याच विषयावर डॉक्टरेटसाठी संशोधन केलं. ग्रंथातले श्लोक, अभिनवगुप्तांनी त्यावर लिहिलेलं भाष्य आणि मंदिरांतली शिल्पं त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिली, आणि करणं ही हालचालीची एककं आहेत असं मांडून ती नाचून दाखवली. त्यांच्या मांडणीवर मतभेद झाले, अजूनही आहेत, आणि ते व्हायलाच हवेत. पण हे काम केवळ ग्रंथ वाचणाऱ्या पंडिताला पुरतं जमलं नसतं. दगडातल्या मूर्तीचं वजन कुठल्या पायावर आहे, तिथून शरीर पुढे कुठे जाऊ शकतं आणि कुठे जाऊच शकत नाही, हे तपासायचं साधन म्हणजे वर्षानुवर्षं तयार झालेलं नर्तिकेचं शरीर. इथे नाचणं हीच पद्धत होती.

नृत्य लिहून ठेवण्याचा प्रश्नही असाच अवघड आहे. १७०० मध्ये फ्रान्समध्ये फॉये यांनी बॅलेची लिपी छापली, १९२८ मध्ये रुडॉल्फ लाबान यांनी कुठल्याही हालचालीसाठी चालेल अशी लिपी मांडली. शरीर, दिशा, वेळ आणि जोर हे सगळं एका कागदावर कसं मांडायचं, यावर पिढ्यांनी डोकं लढवलं आहे. १९७० मध्ये जोअॅन केआलिइनोहोमोकू या मानवशास्त्रज्ञ बाईंनी बॅलेकडे एका विशिष्ट समाजाचं पारंपरिक नृत्य म्हणून पाहिलं. त्यातले पडदे, प्रेमकथा, टाळ्या स्वीकारण्याच्या रीती, सगळं त्या समाजाचंच. तोवर बॅले ही ‘कला’ आणि बाकीच्यांचे नाच ‘लोकपरंपरा’, अशी वाटणी कुणाला खटकतही नव्हती.

मेंदूच्या अभ्यासालाही नृत्याने असं काही दिलं आहे जे दुसरीकडे मिळणं कठीण होतं. २००५ मध्ये लंडनमध्ये बिएट्रिझ काल्व्हो-मेरिनो आणि सहकाऱ्यांनी बॅले नर्तकांना आणि कापोएरा या ब्राझीलमधल्या नृत्यासारख्या युद्धकलेच्या जाणकारांना दोन्ही प्रकारच्या हालचालींच्या चित्रफिती दाखवल्या. स्वतःला येणारी हालचाल पाहताना मेंदूतल्या हालचालींशी संबंधित भागांची प्रतिक्रिया जास्त होती. मग शंका आली की हे करण्यामुळे की वारंवार पाहण्यामुळे? त्याचं उत्तर बॅलेच्या रचनेतच होतं. तिथे काही हालचाली फक्त पुरुष करतात, काही फक्त स्त्रिया, पण सरावात एकमेकांच्या हालचाली रोज सगळेच पाहतात. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात त्याचाच आधार घेतला आणि दिसलं की स्वतः केलेल्या हालचालींना मिळणारा प्रतिसाद वेगळा असतो. नृत्यपरंपरेच्या आतली ही माहिती नसती, तर हा प्रयोग सुचलाच नसता.

या विषयांत सुमार प्रबंध लिहिले जातातच. पन्नास जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, टक्केवारी काढायची आणि आधी ठरलेला निष्कर्ष शेवटी चिकटवायचा, असे प्रबंध मला टीकाकारांपेक्षा जास्त बोचतात, कारण बदनामी आमच्या विषयाची होते. मी प्रबंध हातात घेतला की एवढंच शोधते: या पद्धतीने संशोधकाच्या अपेक्षेविरुद्ध उत्तर येऊ शकलं असतं का? ‘नाही’ असेल, तर विषय पदार्थविज्ञान असो की नृत्य, ते काम कच्चं.

राहिला उपयोग. नाचाने स्मृतिभ्रंश ७६ टक्के टळतो, असा मजकूर भरपूर फिरतो, आणि खुद्द नृत्यप्रेमीच तो पुढे पाठवतात. त्याचं मूळ २००३ मधला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या ७५ वर्षांवरच्या ४६९ लोकांचा अभ्यास आहे. ११ शारीरिक उपक्रमांपैकी फक्त नृत्याचा संबंध कमी धोक्याशी दिसला, हे खरं. पण त्या ७६ टक्क्यांबरोबर अनिश्चिततेची जी मर्यादा छापली होती ती अफाट होती. धोका ९४ टक्के कमी होण्यापासून जेमतेम एक टक्का कमी होण्यापर्यंत काहीही त्यात बसतं. शिवाय नाचल्यामुळे मेंदू शाबूत राहिला की ज्यांची तब्येत ठणठणीत तेच नाचत राहिले, हे अशा अभ्यासातून सुटं करता येत नाही. लेखकांनीही हा इशारा दिला होता. पुढे पाठवताना तेवढाच गळाला.

पार्किन्सन्सच्या रुग्णांवरचं काम याहून भक्कम पायावर उभं आहे. २००९ मध्ये हॅकनी आणि अर्हार्ट यांनी ५८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही जण टँगो शिकले, काही वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट, तर काहींना नृत्य दिलंच नाही. नाचणाऱ्या दोन्ही गटांचा तोल आणि चाल सुधारली. टँगोत मागे पाऊल टाकावं लागतं, मध्येच थांबून पुन्हा निघावं लागतं, आणि या आजारात नेमकं तेच अडतं. मग फायदा त्या मागच्या पावलाचा, तालाचा, की जोडीदाराच्या हाताच्या आधाराचा? हे वेगळं काढायचं तर टँगोतून मागचं पाऊल वगळून, ताल बदलून, जोडीदार काढून रचना नव्याने बसवाव्या लागतील, आणि तरीही तो टँगोच राहायला हवा. असा अभ्यास करणाऱ्या चमूत मेंदूच्या डॉक्टरांइतकीच नृत्य अभ्यासलेल्या माणसाची गरज आहे.